कृत्रिम सांधा, बोन स्कॅन आणि उत्तराची घाई

गुडघ्याच्या वाट्या किंवा खुबा बदलल्यानंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा दुखू लागले आणि डॉक्टरांनी बोन स्कॅन सुचवला, की रुग्णाच्या घरात दोन समजुती एकदमच उभ्या राहतात. ‘न्यूक्लियर’ तपासणी म्हणजे शरीरात काहीतरी घातक सोडणे, ही एक. आणि एवढी मोठी तपासणी झाली म्हणजे दुखण्याचे कारण तीत दिसणारच, ही दुसरी. पहिली भीतीपोटी आलेली, दुसरी भरवशापोटी. परंतु ही तपासणी नेमके काय मोजते हे ठाऊक नसणे, हेच दोहोंचे मूळ. पहिल्या समजुतीचे निरसन करायला तंत्रज्ञ, डॉक्टर, शेजारीपाजारी असे अनेकजण पुढे येतात. दुसरी मात्र कोणी हटकत नाही, आणि रुग्णाचे अधिक नुकसान तिच्यामुळेच होते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की सांधा बदलल्यानंतरचा बोन स्कॅन दुखण्याचे कारण सांगत नाही. हाड कोठे आणि किती कामाला लागले आहे, एवढेच तो सांगतो. त्याचे मोल मुख्यतः शक्यता वगळण्यात आहे, आणि ते पदरात पडायचे तर तपासणीला जाण्याआधीच प्रश्न नेमका ठरलेला असावा लागतो.

बावधनसारख्या वस्तीत या मुद्द्याला व्यावहारिक धार येते. बावधन खुर्द आधीपासून आणि बावधन बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. मुळशीतील जुनी शेतकरी कुटुंबे आणि निवृत्तीनंतर मोठ्या इमारतींत राहायला आलेली मंडळी, असे दोन्ही थर येथे शेजारी राहतात, आणि गुडघे बदललेली माणसे दोन्हींकडे आढळतात. शस्त्रक्रिया एका रुग्णालयात झालेली, नेहमीचे डॉक्टर कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले, आणि अणुवैद्यक विभाग असलेली दीनानाथ मंगेशकर किंवा रुबी हॉलसारखी रुग्णालये चांदणी चौकाच्या पलीकडे. या तिघांमध्ये कागद फिरतात ते रुग्णाच्या पिशवीतून. म्हणून पिशवीत काय आहे आणि काय नाही, यावर स्कॅनचा अर्थ पुष्कळदा ठरतो.

१. स्कॅन काय मोजतो

क्ष-किरण चित्रात हाडाचा आकार दिसतो, बोन स्कॅनमध्ये हाडाचे काम दिसते. टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य एमडीपी नावाच्या फॉस्फोनेट संयुगाला जोडून शिरेवाटे दिले जाते. हे संयुग हाडांच्या ठिसूळपणावर दिल्या जाणाऱ्या ॲलेंड्रोनेटच्याच रासायनिक कुळातले असल्यामुळे, जेथे नवे हाड घडत असते तेथील ताज्या खनिजाच्या पृष्ठभागावर ते जाऊन चिकटते. आणि जेथे रक्तपुरवठा वाढलेला असतो तेथे ते अधिक प्रमाणात पोचते. शरीराबाहेर ठेवलेला गॅमा कॅमेरा त्याच्याकडून येणारे किरण टिपतो. कॅमेरा स्वतः कोणतेही किरण सोडत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

टेक्नेशियमचा शोध १९३७ मध्ये पालेर्मो येथे पेरिए आणि सेग्रे यांनी लावला. मानवाने कृत्रिमरीत्या मिळवलेले ते पहिले मूलद्रव्य. हाडांच्या चित्रणासाठी त्याची फॉस्फेट संयुगे १९७१ मध्ये आणि एमडीपी १९७५ मध्ये पुढे आणणाऱ्या संशोधकांत गोपाल सुब्रमण्यम हे मूळचे भारतीय रसायनशास्त्रज्ञ अग्रभागी होते. महाराष्ट्राचेही या विद्येशी जुने नाते आहे: परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून अणुवैद्यकाचे काम करीत आले आहे, आणि किरणोत्सर्गी औषधांचा पुरवठा करणारे ‘ब्रिट’ हे सरकारी मंडळ नवी मुंबईतून चालते.

हाडांच्या खनिजात बरीच घट झाल्याखेरीज, साधारणतः तिसरा हिस्सा ते निम्मे खनिज गेल्याखेरीज, साध्या क्ष-किरण चित्रात फरक उमटत नाही. बोन स्कॅनमध्ये मात्र हाडाचे काम वाढताच ती जागा गडद होते. या संवेदनशीलतेचीच दुसरी बाजू अशी, की हाड कोणत्याही कारणाने कामाला लागले तरी चित्र तेच येते. रात्री बावधनच्या टेकडीवरून खाली पाहणाऱ्याला कोणत्या घरात दिवा जळतो आहे हे कळते. त्या घरात आजारपण आहे, लग्नाची तयारी आहे की मूल परीक्षेचा अभ्यास करते आहे, हे दिव्यावरून कळत नाही. भरून येणारे फ्रॅक्चर, संधिवात, जंतुसंसर्ग, कर्करोगाची गाठ, सैल झालेला कृत्रिम सांधा आणि नुकतीच झालेली यशस्वी शस्त्रक्रिया, या सर्वांत हाड कामाला लागलेलेच असते.

२. काळाचा हिशेब

सांधा बदलताना हाड कापले जाते, त्यात पोकळी कोरली जाते, धातूचा भाग सिमेंटने बसवला जातो किंवा खरबरीत पृष्ठभागाचा भाग घट्ट दाबून बसवून हाडाने त्यात स्वतःच रुजावे अशी योजना केली जाते. एवढे झाल्यावर आजूबाजूचे हाड दीर्घकाळ स्वतःची पुनर्रचना करीत राहते, आणि ते तसे करीत राहणे निरोगीपणाचे लक्षण आहे. सिमेंटने बसवलेल्या खुब्याभोवतीची गडद छटा साधारण सहा महिने ते वर्षभरात ओसरते. सिमेंटविना बसवलेल्या खुब्यात, विशेषतः मांडीच्या हाडात उतरणाऱ्या दांड्याच्या टोकाशी, ती दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ राहू शकते.

गुडघ्याची गोष्ट आणखी अवघड आहे. काहीही दुखत नसलेल्या, उत्तम चालणाऱ्या रुग्णांवर १९८० च्या दशकात झालेल्या अभ्यासांत असे आढळले, की शस्त्रक्रियेला वर्ष उलटून गेल्यावरही मांडीच्या बाजूच्या भागाभोवती सुमारे ६० टक्के आणि नडगीच्या बाजूच्या भागाभोवती सुमारे ९० टक्के रुग्णांत वाढलेली छटा कायम होती. या एका निरीक्षणाने सामान्य समजुतीचा पायाच हलतो. जे चिन्ह दहापैकी नऊ निरोगी गुडघ्यांत दिसते, ते दुखऱ्या गुडघ्यात दिसले म्हणून त्याला दुखण्याचे कारण ठरवता येत नाही. अहवालात ‘नडगीच्या भागाभोवती वाढलेले ग्रहण, सैलपणाची शक्यता’ असे वाक्य आले, की घरात चिंता पसरते आणि पुन्हा शस्त्रक्रियेची बोलणी सुरू होतात. त्या वाक्यातला ‘शक्यता’ हा शब्द शिष्टाचार म्हणून घातलेला नसतो, त्यात या सगळ्या अनिश्चिततेचा भार असतो.

म्हणून शस्त्रक्रियेची तारीख माहीत नसेल तर स्कॅनचा अर्थ लावता येत नाही. सांधा सिमेंटचा की बिनसिमेंटचा हे माहीत नसेल तर तो अर्धाच लागतो. आणि जुना स्कॅन उपलब्ध असेल, तर एका चित्रापेक्षा दोन चित्रांतला फरक कितीतरी अधिक सांगतो: सहा महिन्यांपूर्वी फिकट होत चाललेली जागा आता पुन्हा गडद झाली असेल, तर ती बातमी आहे, सतत तशीच राहिली असेल, तर बहुधा नाही.

३. संसर्ग आणि सैलपणा

दुखऱ्या कृत्रिम सांध्याबाबत सर्वांत मोठा प्रश्न असतो तो सांध्यात जंतुसंसर्ग झाला आहे की भाग नुसता सैल झाला आहे, हा. कारण दोन्हींचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत. सैल भाग एका शस्त्रक्रियेत बदलता येतो. जुनाट संसर्ग असेल तर अनेकदा सांधा काढून, प्रतिजैविक मिसळलेले सिमेंट भरून, काही आठवडे वा महिने थांबून मगच नवा बसवावा लागतो. संसर्गाचे प्रमाण पहिल्या शस्त्रक्रियेनंतर शंभरात एक-दोन इतके अल्प आहे, पण ज्याला तो होतो त्याचे वर्ष-दोन वर्षांचे आयुष्य त्यात जाते. मधुमेहींमध्ये हा धोका वाढतो. चेलाराम मधुमेह संस्था ज्या बावधनमध्ये उभी आहे तेथील रहिवाशांना हे वेगळे सांगायला नको.

या प्रश्नासाठी बोन स्कॅन तीन टप्प्यांत केला जातो. इंजेक्शन देत असतानाच मिनिटभर भराभर चित्रे घेऊन रक्तप्रवाह पाहिला जातो. पुढील पाच-दहा मिनिटांत मऊ ऊतींत साठलेले रक्त दिसते. आणि दोन ते चार तासांनी हाडाचे चित्र घेतले जाते. तिन्ही टप्प्यांत जागा गडद असेल तर संसर्गाचा संशय वाढतो, फक्त शेवटच्या टप्प्यात असेल तर सैलपणाचा. पाठ्यपुस्तकांतील ही मांडणी सोयीची असली, तरी रुग्णांची शरीरे ती नेहमी पाळत नाहीत: हळू धुमसणाऱ्या संसर्गात पहिले दोन टप्पे शांत राहू शकतात, आणि प्लॅस्टिकच्या झिजेच्या कणांमुळे सुजलेले सांध्याचे अस्तर संसर्गाविनाही ते गडद करू शकते. संसर्ग ओळखण्यात एकट्या बोन स्कॅनची अचूकता पन्नास ते सत्तर टक्क्यांच्या आसपास असल्याचे या विषयातील आढावे सांगतात.

जगभरातील तज्ज्ञांनी याची दखल कशी घेतली आहे, हे पाहण्यासारखे आहे. कृत्रिम सांध्याच्या संसर्गाच्या २०११ आणि २०१८ मधील व्याख्यांत भर आहे तो रक्तातील सीआरपी (दाह दाखवणारे प्रथिन), सांध्यातून सुईने काढलेल्या पाण्यातील पांढऱ्या पेशी आणि जंतूंची वाढ यांवर. स्कॅनला तेथे स्थानच नाही. युरोपातील हाड-सांधे संसर्ग संस्थेच्या २०२१ च्या व्याख्येत तीन टप्प्यांच्या बोन स्कॅनला स्थान मिळाले आहे, पण ते ‘संसर्ग असण्याची शक्यता कमी’ या रकान्यात, आणि तेही स्कॅन निर्दोष आला तर. गडद बोन स्कॅनला संसर्गाच्या बाजूचा पुरावा म्हणून त्या व्याख्येत जागा नाही. त्या बाजूला आहे तो पांढऱ्या पेशींना किरणोत्सर्गी खूण लावून केलेला वेगळा स्कॅन. या लेखाचे प्रतिपादन त्या एका तक्त्यात जवळपास जसेच्या तसे दिसते.

४. ‘काही सापडले नाही’ याचे मोल

रुग्णाला सर्वांत निराश करणारा अहवाल म्हणजे निर्दोष अहवाल. दुखते तर आहे, मग सापडले का नाही, असा त्याचा प्रश्न असतो. वास्तविक शस्त्रक्रियेला दोन-तीन वर्षे झालेल्या सांध्याभोवतीचे हाड शांत दिसणे हे या तपासणीतून मिळू शकणारे सर्वांत भरवशाचे उत्तर आहे: सांधा हाडात घट्ट आहे आणि संसर्ग असण्याची शक्यता कमी आहे. यानंतर शोधाची दिशा बदलते. गुडघ्यातले दुखणे खुब्यातून उतरलेले असू शकते, कंबरेच्या मणक्यातील दबलेल्या नसेचे असू शकते, अस्थिबंध सैल राहिल्यामुळे गुडघा डळमळत असल्याचे असू शकते, खऱ्या वाटीच्या घसरणीचे असू शकते. संपूर्ण शरीराचे चित्र घेतले असेल, तर गुडघ्याला दोष देत असलेल्या रुग्णाच्या खुब्यात किंवा मणक्यात कारण दिसून येण्याचे प्रसंगही घडतात.

गुडघा बदललेल्या पाचांपैकी जवळपास एक रुग्ण पुरता समाधानी नसतो, असे अनेक देशांतील पाहण्या सांगतात. या पाचव्या माणसाला ‘सांध्यात दोष नाही’ हे पुराव्यानिशी कळणे ही वैद्यकाने केलेली खरी मदत आहे, आणि तिची किंमत कमी लेखता कामा नये.

५. तपासणीचा दिवस

काही लहान गोष्टी आधी माहीत असल्या तर दिवस सुकर जातो. उपाशी राहावे लागत नाही. आयोडीनयुक्त औषध वापरले जात नसल्यामुळे त्याची ॲलर्जी आड येत नाही. टेक्नेशियमची मात्रा दर सहा तासांनी निम्मी होते, आणि ज्या मॉलिब्डेनमपासून ते मिळते त्याची ६६ तासांनी. त्यामुळे ठरलेल्या रुग्णासाठी ठरलेल्या वेळेची मात्रा तयार केलेली असते आणि चांदणी चौकात अडकून दोन तास उशीर झाला तर ती कुणासाठी थांबत नाही. २००९-१० मध्ये कॅनडा आणि नेदरलँड्समधील दोन जुन्या अणुभट्ट्या एकाच काळात बंद पडल्यावर जगभर या तपासण्या लांबल्या होत्या, इतका हा पुरवठा नाजूक आहे.

इंजेक्शननंतर पाच-सहा ग्लास पाणी प्यायचे आणि वारंवार लघवीला जायचे, कारण हाडाने न घेतलेले औषध त्याच वाटेने बाहेर पडते आणि भरलेले मूत्राशय कटीभागाचे चित्र झाकून टाकते. इंजेक्शन घेतलेल्या रुग्णांसाठी वेगळी बसण्याची जागा आणि वेगळे स्वच्छतागृह असते. गुडघे बदललेल्या माणसाला उकिडवे बसता येत नाही, तेव्हा तेथे कमोड आणि धरायला दांडा आहे का, हे आधीच विचारावे. शेवटच्या चित्रांसाठी अर्धा तास पाठीवर स्थिर पडावे लागते. दुखऱ्या गुडघ्याखाली पातळ उशी मागितली तर तंत्रज्ञ ती देतात. न मागता कण्हत हलले तर चित्र पुसट येते.

छापून आलेल्या चित्रात सगळा सांगाडा करड्या छटांत दिसतो, कृत्रिम सांध्याच्या जागी मात्र त्याच आकाराची कोरी पोकळी असते, कारण धातू औषध घेत नाही. तिच्या काठाची छटा हाच तज्ज्ञांच्या वाचनाचा विषय. मूत्रपिंडे, मूत्राशय आणि इंजेक्शनची जागा गडद दिसणारच. साठीपुढच्या माणसाचे खांदे, मणके आणि पायाचे अंगठेही थोडेफार गडद दिसतात. हे वाचून घरी नव्या आजारांची यादी करत बसू नये.

६. संभाव्य आक्षेप

किरणोत्सर्गाची भीती अगदीच निराधार म्हणून झटकून टाकणे योग्य नाही. तिला आकड्यांनी उत्तर द्यावे. नेहमीच्या मात्रेत, म्हणजे सुमारे २० मिलिक्युरीत, शरीराला मिळणारा परिणामी डोस चार-पाच मिलिसिव्हर्टच्या घरात असतो. निसर्गातून जगातील सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. साठी-सत्तरीच्या रुग्णाला दोन वर्षांच्या नैसर्गिक किरणांएवढी ही मात्रा एका योग्य प्रश्नासाठी निश्चितच परवडते; नेमका प्रश्न नसेल तर तीही कशाला घ्यावी? गर्भवती स्त्रियांची ही तपासणी सहसा टाळतात, स्तनदा मातांनी आधी सांगावे, आणि त्या दिवशी नातवंडाला मांडीवर घेऊन बसणे दुसऱ्या दिवसावर ढकलावे.

दुसरा आक्षेप असा, की तपासणी इतकी अनिश्चित असेल तर थेट पेट स्कॅन किंवा एमआरआय का करू नये? धातूमुळे एमआरआयचे चित्र सांध्याजवळ विस्कटते, आणि ते सावरणाऱ्या खास पद्धती सर्वत्र उपलब्ध नसतात. पेट स्कॅनमधील साखरसदृश औषधही संसर्गाविना होणाऱ्या सुजेत साठते. बोन स्कॅनलाच सीटीची जोड देणारी स्पेक्ट-सीटी पद्धत गडद जागा नेमकी कोणत्या भागाच्या कोणत्या काठाशी आहे हे त्रिमितीत दाखवते, आणि जेथे ती उपलब्ध आहे तेथे तिचा आग्रह धरणे रास्त आहे. परंतु तीही जागा सांगते, कारण सांगत नाही. महाग यंत्र घेतले म्हणून प्रश्न ठरवण्याचे काम टळत नाही.

अहवाल वाचणे डॉक्टरांचे काम, रुग्णावर ओझे कशाला, हा तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. अर्थ लावणे हे डॉक्टरांचेच काम, यात वाद नाही. मात्र त्यासाठी लागणारी माहिती पुष्कळदा रुग्णाकडेच असते. दुखणे उठून पहिली पावले टाकताना होते की रात्री अंथरुणात, जखमेतून पहिल्या महिन्यात पाणी आले होते का, मध्यंतरी कुणी प्रतिजैविके दिली होती का, हे यंत्राला कळत नाही. प्रतिजैविके सुरू असताना सांध्यातून काढलेल्या पाण्यात जंतू वाढत नाहीत आणि खरा संसर्ग लपून राहतो. म्हणून शक्य असेल तेव्हा ती किमान दोन आठवडे थांबवूनच पाणी काढतात. औषध थांबवण्याचा निर्णय अर्थातच डॉक्टरांचा, पण ते सुरू आहे हे सांगणे रुग्णाच्या हाती आहे.

बसवलेल्या सांध्याची ओळख हीही रुग्णाकडेच असणारी माहिती. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची ५४,७२० रुपये ही किंमत वृत्तपत्रांत गाजली. त्याच आदेशात रुग्णालयाने बिलावर सांध्याची कंपनी, नाव आणि बॅच क्रमांक स्वतंत्रपणे लिहावा असेही बंधन होते. त्याची चर्चा फारशी झाली नाही. सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर डिस्चार्ज कार्डाला चिकटवलेले असते. ते बिल आणि ते कार्ड स्कॅनच्या दिवशी पिशवीत असणे हे शस्त्रक्रियेची तारीख सांगण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

७. जेथे बोन स्कॅन अपुराच पडतो

सांध्याचे नाव आणि कंपनी माहीत असण्याचे मोल डेप्यू कंपनीच्या एएसआर खुब्याच्या प्रकरणाने दाखवून दिले. धातूवर धातू घासणारा हा खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता, त्यांत महाराष्ट्रातील रुग्णही होते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, तोवर अनेकांचा ठावठिकाणाही लागत नव्हता. त्या खुब्यात धातूचे कण झिजून मऊ ऊतींची हानी करतात. ती ओळखायला रक्तातील कोबाल्ट-क्रोमियमची पातळी आणि खास पद्धतीचा एमआरआय लागतो. आपल्या खुब्याचे नाव माहीत नसलेल्या रुग्णाचा बोन स्कॅन सौम्य आला असता, तर त्याला खोटा दिलासा मिळाला असता.

८. पुन्हा शस्त्रक्रियेचा निर्णय

सर्व चर्चेचा भार येऊन पडतो तो या निर्णयावर. कारण न समजलेल्या दुखण्यासाठी केलेली पुनर्शस्त्रक्रिया सहसा दुखणे घालवत नाही, हा अस्थिशल्यशास्त्रातील जुना आणि वारंवार आलेला अनुभव आहे; दुसऱ्या वेळी हाड कमी उरलेले असते, संसर्गाचा धोका अधिक असतो आणि रुग्णाचे वयही वाढलेले असते. एकट्या गडद स्कॅनच्या आधारावर सांधा काढण्याची सूचना आली, तर रुग्णाने आणि कुटुंबाने तीन गोष्टी विचाराव्यात, आणि त्या विचारणे हा डॉक्टरांवरचा अविश्वास मानू नये: क्रमवार क्ष-किरण चित्रांत सांधा जागेवरून हलला आहे किंवा त्याभोवती वाढती रेघ आहे असे दिसते का, सीआरपी आणि सांध्यातील पाण्याची तपासणी झाली आहे का, आणि शस्त्रक्रियेला झालेला काळ व सांध्याचा प्रकार पाहता ही छटा अपेक्षेपेक्षा खरोखरच अधिक आहे का. तिन्हींची उत्तरे एका दिशेला जात असतील तर शस्त्रक्रिया लांबवू नये, कारण सैल सांधा रोज थोडे हाड खात असतो. ती परस्परांशी जुळत नसतील आणि ताप, सूज, स्राव यांपैकी काही नसेल, तर सहा महिन्यांनी त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने पुन्हा स्कॅन करून दोन चित्रे शेजारी ठेवणे हा बहुधा अधिक शहाणपणाचा मार्ग ठरतो, आणि त्यासाठी पहिल्या स्कॅनची सीडी अहवालाबरोबर त्याच दिवशी मागून घ्यावी.